शेपटीची रेघ

बिबवेवाडी, पुणे
१० मार्च २०२५

ती. दशरथराव यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र गेनबाच्या टेंपोबरोबर पाठवत आहे. तुमची फुलं उतरवून तो साडेसातला मार्केट यार्डातून लोणीला परत निघतो, ते मला माहीत आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मला फोनवर बोलता येत नाही. आमच्या घरात एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं, आणि मुक्ताने हे ऐकू नये असं मला वाटतं.

केयूरने पाळलेला शॅमेलिऑन तुम्ही त्याच्या खोलीत पाहिला आहे. आपल्याकडच्या रंग बदलणाऱ्या घोयरा सरड्यासारखाच, पण परदेशी जातीचा. सरकारी नोंद केलेली आहे, कागद फाइलमध्ये आहेत. हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही. वाटीत पाणी आहे हे त्याला समजत नाही. पानावर थेंब हलताना दिसले तरच तो जीभ लावतो. त्यासाठी केयूरने पिंजऱ्याच्या छताला दोन नोझल बसवली होती. खाली बादली, बादलीशेजारी लहान मोटर, आणि टायमर. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला पिंजऱ्यात पाऊस पडायचा.

ती मोटर जळली आहे. तशीच हवी तर आठ-दहा दिवस लागतील असं दुकानदार म्हणाला. तेवढे दिवस नाहीत. मी हातपंपाने पाणी मारतो, पण तो डोळे मिटून फांदीच्या मागे जातो. डोळे आत ओढले गेले आहेत. कोथरूडला एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आठवड्याच्या आत पाणी पोटात गेलं पाहिजे.

तुमच्या फुलांच्या पोलीहाऊसमध्ये पाणी उडवणारे फॉगर आहेत. एक लहान मोटर आणि दोन नोझल मिळतील का? कसं जोडायचं तेही लिहावं.

मुक्ता ठीक आहे.

आपला,
अनंत


लोणी काळभोर
११ मार्च

दाजींस नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोराला जाऊन महिना नाय झाला आन् तुम्ही सरड्याच्या पावसाची काळजी करताय. माणूस दुःखात काय धरून बसंल सांगता येत नाय. आमच्या शेजारचा बायको गेल्यावर सहा महिने तिची शिलाई मशीन तेल घालून पुसत व्हता. त्यामुळं हसत नाय.

गेनबाकडं पिशवी दिलीय. मोटर बॅटरीच्या फवारणी पंपाची हाय, बारा व्होल्ट, नवी कोरी. औषधाला लागलेली नाय. खात्री नसंल तर मी येऊन चाटून दाखवतो. फॉगर चार तोंडाचा हाय, एकच पुरंल. नळी कात्रीनं कापू नका, ब्लेडनं सरळ कापा. टोक गरम पाण्यात बुडवा, मऊ झालं की मग चढवा. मोटर बादलीच्या बाहेर ठेवा. बादलीतलं पाणी कधी संपू देऊ नका. मोटर कोरडी चालली की जळती. तुमची जुनी बी तशीच गेली असणार.

एक सांगतो. दहाव्याच्या रात्री दिव्याखाली पीठ पसरलं, सकाळी टोपली उचलली, आन् पाखराचं पाऊल उमटलेलं सगळ्यांनी पाह्यलं. केयूर पाखरू झाला. उडून गेला. आता त्याच्या खोलीत सरडा कशाला? कुण्या हौशी पोराला देऊन टाका.

मुक्ता ठीक हाय असं तुम्ही लिहिलंय. तिनं का लिहिलं नाय?

दशरथ


बिबवेवाडी
१२ मार्च

ती. दशरथराव यांस,
सा. न.

पिशवी मिळाली. तुम्ही लिहिलं तसं सगळं जोडलं. जोडणीत चूक नाही, मी तीनदा तपासलं. पण फॉगरने धुकं झालं. खोली भरली, भिंत ओली झाली, बटणांच्या बोर्डात ठिणगी उडाली, म्हणून बंद केलं. पानांवर थेंब धरले नाहीत. तो रंगाने काळा पडला आणि हलला नाही. आज सकाळी पुन्हा चालू केलं, तर चारपैकी तीन तोंडं बुजलेली. पांढरं काहीतरी अडकलं होतं. सुईने काढलं, तासाभरात परत बुजली.

मुक्ता ठीक आहे असं लिहिलं ते खरं नव्हतं.

४ तारखेला ती पिंजऱ्यात जास्वंदीची फांदी ठेवत होती. त्याने तिचं बोट धरलं. त्याच्या पायाला दोन बोटं एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला असतात, चिमट्यासारखी. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मला हाक मारून म्हणाली, "अहो, हेच पाऊल. पाखरू नव्हतं ते. हा होता." त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते.

शुक्रवारी तो पाणी पीत नाही हे तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून तिने जेवण सोडलं आहे. "तो प्यायला की मी जेवेन," एवढंच बोलते. दिवसातून दोन-तीन घोट चहा मी हट्टाने पाजतो. साखरेची गोळी उपाशीपोटी देऊ नये असं तिचे डॉक्टर म्हणतात, आणि गोळीशिवायही चालणार नाही असंही तेच म्हणतात. काल ती मोरीत पडली. डोक्याला लागलेलं नाही.

प्राण्याच्या तोंडात नळीने पाणी घालता येतं, पण ती हात लावू देत नाही. म्हणते, त्याला नको असेल तर नको.

तो मेला तर पुढे काय होईल ते मला लिहिता येत नाही. दुसरं काही नोझल असेल तर पाठवा.

अनंत


लोणी काळभोर
१२ मार्च, दुपारी

दाजी,

गेनबाला जेवू न देता परत पाठवतोय.

सहा दिवस माझी बहीण उपाशी हाय आन् तुम्ही मला 'मुक्ता ठीक आहे' लिहिता. कारखान्यात तपासणीला व्हता तवा अशीच मापं लिहीत व्हता का? रागानं लिहितोय, राग धरू नका. धरलात तरी चालंल.

आधी कामाचं. चूक माझी. फॉगर हवा गार करायला असतो, पाणी पाजायला नाय. धुकं कोण पितं? रोपवाटिकेची दोन नोझल पाठवलीत, त्यांनी थेंब पडतात. पांढरं अडकतंय तो क्षार. पाणी कुठलं घालताय? टँकरचं असंल तर दुसरं काही सांगायला नको. जुनी नोझल लिंबाच्या रसात रातभर टाका. पण त्याच पाण्यावर चालवलंत तर ही बी बुजतील. गोडं पाणी बघा.

आता दुसरं. मी परवा येतोय. मुक्ताला लोणीला आणतो. तो सरडा मी उचलून नेईन, तिनं रडायचं तेवढं रडू दे. एकदाच रडंल. पाखरू झालंय ते पोर, मी माझ्या डोळ्यांनी पाऊल बघितलंय. सरड्यात काय हाय? तिला तुम्ही ठामपणानं सांगा. तुम्ही कधी ठामपणानं काही बोलत नाय हाच तुमच्या घरातला वांधा हाय.

दशरथ


बिबवेवाडी
१३ मार्च

ती. दशरथराव यांस,

तुम्ही येऊ नका. आलात आणि पिंजरा नेलात तर ती उठणार नाही. मी तिच्यासोबत तीस वर्षं राहिलो आहे.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

दहाव्याच्या संध्याकाळी मी पिंजऱ्यात पाण्याची वाटी ठेवली. तेव्हा मला माहीत नव्हतं की तो वाटीतून पीत नाही. दाराची कडी लावायला विसरलो. त्याच खोलीत तुम्ही दिवा ठेवला, पीठ पसरलं, वरून टोपली घातली, आणि दिव्याला हवा मिळावी म्हणून एका बाजूला वीट सरकवली.

पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठलो. तो टोपलीच्या बाहेर फरशीवर बसला होता. दिव्याच्या उबेला आला असावा. पायांना पीठ होतं. मी त्याला उचलून पाय पुसले आणि पिंजऱ्यात ठेवलं. मग टोपली उचलून पाहिली. पिठात पावलं होती, आणि मधून एक लांब रेघ होती. शेपटीची.

पीठ सारखं करायला हात पुढे केला. सगळंच पुसायला हवं होतं. मी रेघ पुसली आणि पावलं ठेवली. टोपली परत झाकली.

का, ते मला नीट सांगता येत नाही. पीठ कोरं निघालं असतं तर मुक्ताने काय केलं असतं, हे डोळ्यांसमोर आलं. तासाभराने तुम्ही टोपली उचललीत आणि म्हणालात, पाखरू. ती त्या दिवसांत पहिल्यांदा कोणाकडे तरी नीट बघून बोलली. मला वाटलं, चाललं तर चालू दे.

आता तेच खोटं तिच्या गळ्याशी आलं आहे. खरं सांगितलं तर तिच्याकडे काहीच उरत नाही. नाही सांगितलं तर तो मरेपर्यंत ती उपाशी राहणार. दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. तिसरी बाजू एकच आहे, तो प्यायला पाहिजे.

नवी नोझल बसवली. थेंब चांगले पडतात. टँकरशिवाय आमच्याकडे पाणी नाही, म्हणून दुकानातून बाटल्या आणल्या. तो जागचा हलला नाही. त्याने एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही दोन-दोन मिनिटं सोडता, त्याला आधी खात्री पटायला वेळ लागतो. सलग वीस मिनिटं सोडा. एका वेळेला बादलीचा चौथा हिस्सा पाणी लागतं. बाटल्या संपल्या की टँकरचं घालावं लागतं, आणि मग नोझल बुजतात.

केयूरच्या वेळी वर्षभरात नोझल एकदाही बुजलं नाही. तो कुठलं पाणी घालायचा, मी कधी विचारलं नाही. मुलगा एकाच घरात राहत होता.

अनंत


लोणी काळभोर
१५ मार्च

दाजी,

काल धुळवडीमुळं मार्केट बंद, गेनबा गेला नाय. तुमचं पत्र माझ्याकडं दोन रात्री व्हतं. पायी यायला निघालो व्हतो, बायकोनं चप्पल लपवली.

पहिलं पाण्याचं सांगतो. अकराव्याच्या सकाळी सुतक फिटलं म्हणून आपण घर धुतलं आन् घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतलं. हंडा, पिंप, फिल्टर. केयूरच्या खोलीतली बादली मीच पालथी केली. टायमर चालूच राहिला, मोटर कोरडी फिरली आन् जळली. तुमची मोटर मी जाळली, दाजी. त्या जनावराचं पाणी मी तोडलं. तुम्ही पहिल्या पत्रात मोटर जळली लिहिलंत तवाच मला समजलं व्हतं. मी उलट तुम्हालाच शिकवत बसलो.

पण ती बादली उचलताना एक पांढरी नळी आडवी आली व्हती. भिंतीतनं यायची, बादलीत सोडलेली. मी ती उपसून खिडकीबाहेर टाकली. काल पडल्या पडल्या आठवलं. ती एसीची नळी व्हती. एसीतनं गळतं ते पाणी हवेतलं असतं, त्यात क्षार नसतो. तुमच्या पोराला ते कळत व्हतं. एसी चालवा. पहिलं गाळ पाणी वाहू द्या, मग साठवा.

दुसरं. मी तीस वर्षं कोंबड्या पाळल्यात. पाखराला तीन बोटं पुढं आन् एक मागं. पिठात दोन आन् दोन व्हती. टोपली उचलली तवाच मला कळलं की हे पाखरू नाय. काय हाय ते कळलं नाय. मुक्ता माझ्या तोंडाकडं बघत व्हती. मी म्हणालो, पाखरू. माघारी येताना आख्ख्या गावाला तेच सांगितलं, म्हणजे मला बी जरा खरं वाटंल.

तुम्ही रेघ पुसलीत, मी मोजलेली बोटं सांगितली नाय. आता कुणी कुणाला ठामपणानं सांगायचं?

मी येत नाय. पण सोमवारपर्यंत गेनबाकडं चांगली चिठ्ठी आली नाय तर चप्पल नसली तरी येणार.

दशरथ


बिबवेवाडी
१७ मार्च

ती. दशरथराव यांस,
सा. न. वि. वि.

नळी खिडकीबाहेर लोंबत होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला दोरी बांधून तिच्यावर पायपुसणं वाळत घातलं होतं. मागायला गेलो तर म्हणाल्या, "पंधरा दिवस लोंबतेय. आम्हाला वाटलं, तुम्ही सोय करून दिलीत."

शनिवारी दुपारी एसी लावला. केयूर गेल्यापासून तो लावलेला नव्हता. रिमोट हातात घेतला तेव्हा त्याने ठेवलेलं तापमान तसंच होतं, तेवीस. मी बदललं नाही. या दिवसांत हवा कोरडी, त्यामुळे पाणी फार हळू येतं. थेंब, मग थेंब. मुक्ताने विचारलं, "हे काय करताय?" मी म्हणालो, "केयूर असंच करायचा." तिने उठून त्याचं ऑफिसचं जॅकेट अंगात घातलं आणि परत खुर्चीवर बसली. आम्ही दोघं रविवारी रात्रीपर्यंत त्या खोलीत बसून होतो. ती मधूनमधून डुलकी घेत होती. मला दोनदा तिच्या नाकासमोर हात धरून पाहावं लागलं.

आज सकाळी आठला मोटर चालू केली. पहिली दहा मिनिटं काही नाही. तो फांदीवर पाय आखडून पडला होता, रंग राखेसारखा. डोळे बंद. जास्वंदीच्या पानांवरून थेंब ओघळत होते. पंधरा मिनिटांनी एक डोळा फिरला. मग तो डोळा एका थेंबावर थांबला. बादली तळाला आली होती. मुक्ता म्हणाली, "पाणी संपतंय." मी म्हणालो, "आहे अजून." नव्हतं.

त्याने मान पुढे केली आणि पानाच्या टोकाला तोंड लावलं. घसा हलला. परत हलला. मग तो प्यायला लागला, आणि मी मोटरीला हात लावून बसलो, कारण ती कोरडी व्हायला एखादं मिनिट उरलं होतं. बंद केली तेव्हा पानांवर थेंब होते, तेही त्याने प्यायले.

मुक्ताने अर्धी पोळी दुधात कुस्करून खाल्ली. नंतर ओकली. दुपारी परत थोडं खाल्लं, ते राहिलं. डॉक्टर म्हणतात, प्राण्याचं नक्की सांगता येत नाही, आठ दिवस बघू.

एक राहिलं. तुम्ही त्याचं नाव कधी विचारलं नाहीत, आणि मी सांगितलं नाही. केयूर त्याला मामा म्हणायचा. तुम्ही पोलीहाऊसमध्ये उभे राहून एक डोळा नोझलवर आणि एक डोळा माणसांवर ठेवता, तसंच हा बघतो, असं त्याचं म्हणणं होतं. तुम्हाला राग येईल म्हणून आम्ही लपवलं.

पिठाचं मुक्ताला सांगावं की नाही ते मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

अनंत


बिबवेवाडी
२१ मार्च

ती. दादास,
सा. न.

हे पत्र मी स्वतः मार्केट यार्डात आणून गेनबाला देते आहे. रस्त्यात दोनदा बसले, पण आले. यांना वाटतंय मी भाजीला गेले आहे.

तुझी पत्रं यांनी त्यांच्या कारखान्यातल्या मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या डब्यात ठेवली आहेत. सगळी वाचली आणि होती तशी ठेवली. यांना आपली पत्रं स्वतःकडे उतरवून ठेवायची सवय आहे, त्यामुळे तीही वाचायला मिळाली.

दादा, त्या पहाटे मी जागी होते. दहा दिवस मी झोपलेच नव्हते. हे उठले म्हणून मागोमाग गेले आणि दारातच थांबले. यांनी त्याचे पाय आपल्या सदऱ्याने पुसले ते मी पाहिलं. टोपली उचलली ते पाहिलं. रेघ पुसली आणि हात तसाच पिठावर धरून बराच वेळ बसले. केयूर गेल्यावर हे रडले नव्हते. तेव्हाही आवाज केला नाही, फक्त पाठ हलत होती. मी परत येऊन आडवी झाले.

नंतर तू पाखरू म्हणालास. मी तुझ्याकडे बघत होते, कारण यांच्याकडे बघवत नव्हतं.

तो केयूर नाही. मला माहीत आहे. पण मी उपाशी होते ते सोंग नव्हतं. घास उतरत नव्हता. लोक विचारतात का जेवत नाहीस, त्याला मुलगा गेला हे कारण पंधरा दिवसच चालतं. मग सगळे म्हणतात, आता सावर. तो पाणी पीत नाही, हे कारण मला सांगता येत होतं. आणि त्याने बोट धरलं तेव्हा खरंच धरलं होतं. एवढ्या दिवसांत मला कोणी धरलं नव्हतं.

यांनी तुला विचारलं आहे, मुक्ताला सांगू का. नको म्हणून लिही. बत्तीस वर्षं यांनी कारखान्यात मापं तपासली. केसाएवढा फरक असला तरी तो सुटा भाग, त्यांच्या भाषेत जॉब, परत पाठवायचे, त्यासाठी साहेबांच्या शिव्या खायचे. त्या माणसाने आयुष्यात एकच खोटं माप पास केलं, तेही माझ्यासाठी. ते मी परत कसं पाठवू?

मामा अजून पुरता हिरवा झालेला नाही. मीही अजून धड जेवत नाही. रोज आठला टायमर लागतो, आम्ही दोघं खुर्च्या घेऊन बसतो. थेंब पडायला लागले की हे माझ्याकडे न बघता म्हणतात, "प्यायला गं."

मग मी उठते आणि चहा ठेवते.

तुझी,
मुक्ता